गोऱ्याच्या तोंडची भाकर

मास्तर, तुम्ही आजारी आहात हे मला कोणी सांगितलं नाही. तुम्ही गेलात हे मात्र दारव्ह्याच्या बाजारात एका मिरचीवाल्यानं सांगितलं, तेही पोतं शिवता शिवता. "तुमचे सिनेमावाले मास्तर गेले ना, शेटजी. परवा." मी म्हणालो, नीट चौकशी करून बोलत जा. तो म्हणाला, "चौकशी कायची? मातीले गेलतो मी."

मिरचीवाला तुमच्या मातीला होता आणि मी नव्हतो. ही माझी पहिली तक्रार. नंतर तुमच्या घरी गेलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, निरोप धाडायला माणूस नव्हता. दारव्ह्यापासून तुमचं घर दोन कोसांवर, रोज चार गाड्या येतात-जातात, आणि माणूस नव्हता. मला ते पटलेलं नाही. पण ते सोडून देतो. तुम्ही समोर असतात तर सोडलं नसतं.

तुमचा जन्म, शिक्षण, पलटणीतली नोकरी, कापसाच्या जिनातली नोकरी, वस्तीतल्या लोकांना संध्याकाळी लिहायला-वाचायला शिकवणं, हे सगळं इतर लोक लिहितील. मी त्यात पडत नाही. माझा तुमच्याशी संबंध तंबूतला. तो जोडला मी, तोडला मी, आणि त्याबद्दल बोलायचा अधिकारही माझाच आहे.

तुम्ही नागपूरहून दीक्षा घेऊन आलात त्याला महिना-दीड महिना झाला असेल. मी बैलबाजारातली दलाली सोडून नुकताच फिरत्या सिनेमाचा तंबू घेतला होता. हिंदी नवे पिक्चर मोठ्या थेटरवाल्यांना जायचे. माझ्या वाट्याला अमरावतीला पिक्चर भाड्यानं देणाऱ्यांच्या कचेरीत धूळ खात पडलेल्या इंग्रजी लढाईच्या पिक्चरच्या पेट्या आल्या. त्या मी उचलल्या, कारण त्यांना गिऱ्हाईक नव्हतं आणि ज्याला गिऱ्हाईक नाही तो माल मला नेहमीच आवडत आला. मुकुटबनला पहिला खेळ लावला. विमानं, तोफा, चिखल, सगळं होतं. लोक अर्ध्यातून उठून गेले. जाताना एक म्हणाला, "गोरे बोलून राह्यले, गोरेच आयकून राह्यले. आमी कायले बसाव?"

म्हणून मी तुमच्याकडे आलो. जिनाच्या काट्यावर तुम्ही कापसाच्या गाड्या उतरवून घेत होता.

"काय रे, तुले इंग्रजी येते म्हनतेत," मी म्हणालो.

तुम्ही वर पाहिलं नाही. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. पुन्हा विचारलं.

"कोनाले इचारून राह्यले?" तुम्ही म्हणालात.

"तुलेच."

"मंग तुमी म्हना. पैशाचं मागून बोलू."

मास्तर, मी पुष्कळ सौदे केले आहेत. भावावर अडलेले, बैलाच्या दातांवर अडलेले, शिंगाच्या वळणावर अडलेले. एका शब्दावर अडलेला तो पहिलाच. माझं डोकं असं तापलं की मी निघून रस्त्यापर्यंत गेलो. मग परत आलो, कारण दुसरा इंग्रजीवाला पंचक्रोशीत नव्हता. "तुमाले इंग्रजी येते म्हनतेत," असं म्हणालो. तुम्ही हातातली कापसाची बोंडं झटकलीत आणि म्हणालात, "येते." घरी जाऊन मी सांगितलं की 'तुम्ही' म्हणायला काही पडत नाही. ते खोटं होतं. त्या शब्दापायी मी रस्त्यापर्यंत जाऊन आलो होतो. आज हे लिहिताना मात्र दुसरा शब्द सुचत नाही.

तुम्ही पडद्याच्या डाव्या हाताला घासलेटच्या खोक्यावर उभे राहायचात, तोंडाशी पत्र्याचा कर्णा, आणि गोऱ्यांचं बोलणं लोकांना आपल्या बोलीत सांगायचात. मला वाटलं होतं, तुम्ही लढाई सांगाल. पाच वर्षं पलटणीत होता, इटलीपर्यंत जाऊन आलात, लोकही त्याच आशेनं यायचे. पण बंदुका सुरू झाल्या की तुम्ही कर्णा खाली ठेवायचात. "याच्यात सांगाचं काय हाय? दिसूनच राह्यलं," म्हणत बिडी पेटवायचात. मी चिडायचो. मग पडद्यावर तोफा थांबायच्या, कुठल्यातरी व्हरांड्यात, नाहीतर पडक्या चर्चच्या भिंतीपाशी नायक आणि ती बाई अशी दोघंच उरायची. तेव्हा तुम्ही अर्धी बिडी विझवून कानावर ठेवायचात आणि उभे राहायचात. सगळा तंबू पुढं सरकायचा.

त्या नायकांना लोकांनी आपापली नावं ठेवली होती. हनुवटीला खळी असलेला तो खड्डेवाला. एक उंच, कमी बोलणारा, चालताना खांदे हलवणारा, त्याला सगळे पाटील म्हणायचे. टोपी एका भुवईवर ओढून सिगारेट पिणारा तो जावई, कारण जावयासारखा कुठेही जाऊन खुर्ची ओढून बसायचा. या तिघांच्या लढाया आता मला एकसारख्या वाटतात. कोणी कोणता पूल उडवला हे आठवत नाही. पण पाटलानं नर्सच्या हातातला कंदील आपल्या हातात घेतला होता हे आठवतं. जावयानं नाचाच्या दिवाणखान्यात, सकाळी बोटीवर चढायचं असताना, तिच्या खांद्यावर डोकं टेकवून डोळे मिटले होते हे आठवतं. तो नाच करत नव्हता, उभ्या उभ्या झोपत होता. तुम्ही कर्ण्यातून म्हणालात, "थो म्हनते, मले घडीभर झोपू दे. उद्यापासून झोप नाही." त्याचे ओठ हललेच नव्हते. कोणी विचारलं नाही.

आणि ओठाला ओठ लागायची वेळ आली की यंत्रावरचा करीमभाई भिंगासमोर पुठ्ठा धरायचा. तंबूत बाया असायच्या, माझाच तसा हुकूम होता. पडदा काळा व्हायचा, पोरं शिट्ट्या मारायची, आणि त्या काळोखातून तुमचा आवाज यायचा, "आता थे दोघं बोलत नाहीत. तुमीबी बोलू नोका." शिट्ट्या बंद व्हायच्या. आठ-नऊशे माणसं आणि फक्त ऑइल इंजिनाची धकधक. बैलबाजारात मी आवाजावर माणसं गप्प केली आहेत, शिव्यांवर केली आहेत. असं गप्प करणं मला कधी जमलं नाही.

आता भाकरीचं सांगतो. तुमच्या-माझ्या भांडणाची मुळी तीच.

त्या वर्षी सुभद्रा, माझी बायको, मुकुटबनला माहेरी निघून गेली होती. चूक माझी होती. बैलांच्या दलालीत आम्ही तोंडानं भाव बोलत नाही. दुपट्ट्याखाली हात घालून बोटं दाबतो, समोरचा बोटं दाबतो, सौदा होतो. पंधरा वर्षं तसं केल्यावर माणूस घरातही तोंड उघडत नाही, आणि उघडलं तर ओरडायलाच. जाताना ती म्हणाली होती, "मी बैल नव्हो. माह्याशी बोलाचं असन तं तोंडानं बोला." मी बोललो नाही. ती गेली.

पुढच्याच आठवड्यात घाटंजीला खड्डेवाल्याचा एक पिक्चर होता. पाय प्लास्टरमध्ये, दवाखान्याच्या व्हरांड्यात आरामखुर्ची, शेजारी ती गोरी नर्स, मागं समुद्र. तो तिचा हात धरून बोलतो. तुम्ही कर्णा उचललात.

"थो म्हनते, तुह्या हातच्या भाकरीची याद येते अशी गोष्ट नाही. भाकर इथीबी भेटते. तू भाकर थापतं, थो आवाज आयकू येते. सकाळी डोळे उघडाच्या आंधी आयकू येते. मंग मी डोळे उघडतच नाही."

मागून कोणीतरी ओरडलं, "गोरे भाकर खातेत का हो, मास्तर?"

"गव्हाची खातेत. पन थापा लागतेच ना!"

तंबू हसला. मी हसलो नाही. मी कनातीच्या दोराला धरून उभा होतो. दुसऱ्या दिवशी मुकुटबनची गाडी धरली. सासऱ्यांशी काय बोलायचं, किती नमायचं, कुठं ताणायचं, सगळं ठरवून गेलो होतो. ते अंगणात बसले होते. त्यांना ओलांडून मी थेट सैपाकघराच्या दाराशी गेलो आणि खड्डेवाल्याचं वाक्य जसंच्या तसं म्हणालो. सुभद्रा पाठमोरी होती. तिनं हातातली परात खाली ठेवली, तांब्या भरला.

"पानी प्या," मग म्हणाली. आणि पाणी देताना, "हे कोनाचं शिकून आले?"

"कोनाचं नाही."

ती आली माझ्याबरोबर. हे मी तुम्हाला सांगितलं, मास्तर, फक्त तुम्हाला. खटाऱ्यात रिळांच्या पेट्यांवर बसून घाटंजीहून येताना. तुम्ही खूप हसलात, आणि मग एकदम गप्प झालात. "चाललं म्हना थे वाक्य," एवढंच म्हणालात. मला वाटलं, तुम्हाला माझी मजा वाटली.

तोच पिक्चर पुढच्या साली दारव्ह्याला लागला तेव्हा सुभद्रा बायांच्या बाजूला बसली होती. खड्डेवाल्यानं नर्सचा हात धरला, तुम्ही भाकर सांगितलीत, आणि बायांमधून तिचं असं हसू फुटलं की करीमभाईला वाटलं, रीळ उलटं लागलं. घरी येताना ती म्हणाली, "थो गोरा तुमचं बोलून राह्यला, का तुमी त्याचं?" मी मान खाली घातली. ती म्हणाली, "असू द्या. त्याले माह्या नमस्कार सांगा."

अशी वर्षं गेली. त्यातलाच एक घाटंजीचा खेळ मला रोज आठवतो. पाटील आगगाडीच्या फलाटावर बायकोचा निरोप घेत होता, वाफेत दोघांचे चेहरे दिसत होते, नव्हते. तुम्ही म्हणालात, "थो म्हनते, येतो. दाराले कडी लावू नोको." शेवटच्या रिळात तो मेला. पडदा पांढरा झाला तरी पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठेना. उठली ती तुमच्याकडे बोट दाखवत.

"येतो म्हनला होता ना थो? मास्तर, लबाड हा तुमी!"

तुम्ही खोक्यावरून उतरून तिच्याजवळ गेलात. "म्हननं त्याच्या हाती होतं, माय. येनं नव्हतं." ती रडत रडत गेली आणि पुढच्या बाजाराला दोन सुनांना घेऊन तोच पिक्चर पाहायला आली.

एकदा मी विचारलं होतं, मास्तर, या पिक्चरमध्ये तुमच्यासारखे लोक दिसत नाहीत. तुम्ही होता ना तिथं? तुम्ही म्हणालात, "होतो. शेकड्यांनी होतो. त्याहिच्या फोटोत नाही आलो." मग थोड्या वेळानं म्हणालात, "म्हून आवाज तरी आपला." मला तेव्हा ते कळलं नाही. मी तिकिटांची गड्डी बांधत होतो.

यवतमाळच्या कॉलेजातले एक प्रोफेसर घाटंजीला सासुरवाडीला आले होते. सभ्य माणूस, मी त्यांना दोष देत नाही. खुर्चीचं तिकीट काढून बसले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात भेटले तेव्हा हसत म्हणाले, "शेटजी, तुमचे मास्तर स्वतःचाच सिनेमा सांगतात. त्या फलाटावर नायक म्हणतो, मी परत येईन असं समजू नकोस, दुसरं लग्न कर. आणि हे म्हणतात, येतो!" मी विचारलं, आणि भाकर? ते म्हणाले, "कसली भाकर? गोरे कुठं भाकरीचं बोलतात?"

मास्तर, तुम्ही माझ्या जागी उभे राहून पाहा. मी शाळेत गेलो नाही. दहाव्या वर्षापासून बाजारात फुटाणे विकले, मग दोर, मग बैल. मला फसवल्याचं सांगू शकेल असा माणूस जिल्ह्यात नव्हता. आणि एका शिकलेल्या माणसानं चारचौघांत सांगितलं की सहा वर्षं मला माझ्याच तंबूत फसवलं जात होतं. शिवाय ते वाक्य माझ्या घरात होतं. त्याच्यावर माझी बायको परत आली होती.

तुम्ही तिकिटाच्या खिडकीपाशी कर्णा पुसत होता. बाजाराचा दिवस, माणसं भोवती होती.

"खड्डेवाला भाकर म्हनते का नाही?" मी विचारलं.

"नाही म्हनत."

"मंग काय म्हनते?"

"म्हनते, तुह्यावर माह्यं प्रेम हाय. तीन शब्द असतेत त्याहिचे. दर पिक्चरात थेच तीन."

"मंग थेच काहून नाही सांगतलं?"

तुम्ही हसलात. माझी शपथ, तुम्ही हसलात. "थेच सांगतलं असतं, शेटजी, तं तुमाले मुकुटबनले जाऊन म्हनता आलं असतं का?"

लोक हसले. कापडवाला हसला, चहावाला हसला, प्रोफेसरही हसले. ती गोष्ट मी तुम्हाला एकट्याला सांगितली होती. ही माझी दुसरी तक्रार, आणि ही मी आजही मागं घेत नाही. तुम्ही ते बोलायला नको होतं.

"आनलं कोठून मंग थे?" मी विचारलं, तेव्हा माझा आवाज चढला होता.

"पलटणीच्या दवाखान्यातून. आपल्याच इकडली पोरं होती. ज्याचे हात गेले थो सांगे, मी पत्र लिवून देत होतो."

यावर मी जे म्हणालो ते इथं लिहितो, कारण ज्यांनी ऐकलं त्यांना आठवतंच आहे. मी म्हणालो, "हात गेलेल्या पोराहिच्या नावावर खोटा माल खपवू नोका. खोटारडे हा तुमी. लढाईवर गेलतो म्हनता, अन् तथी तं घाण उचलत होते."

हसणं थांबलं. मी कोण आणि तुम्ही कोण, कोणी कोणाची घाण पिढ्यान्‌पिढ्या उचलली, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मलाही होतं. म्हणूनच मी तो शब्द उचलला. जिथं लागतं तिथं मारायची मला सवय आहे.

तुम्ही ओरडाल असं वाटलं. मी त्याचीच वाट पाहत होतो, म्हणजे बरोबरी झाली असती.

"हाव," तुम्ही म्हणालात. "उचलत होतो. उचलता उचलताच आयकलं."

कर्णा खोक्यावर पालथा ठेवलात. छत्री घेतलीत.

"जातो," म्हणालात.

आमच्याकडे दारातून निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही. शत्रूच्या दारातून निघतानाही नाही. हे तुम्ही मला फलाटाच्या त्या खेळानंतर स्वतः समजावलं होतं, की गोऱ्यांचा निरोप आपल्या भाषेत आणायचा तर 'येतो' हाच शब्द आहे, दुसरा नाही, मग तो माणूस येवो की न येवो. आणि तुम्ही 'जातो' म्हणालात, सगळ्यांसमोर, शांतपणे. त्यानंतर मला तुमचा शब्द ऐकू आला नाही.

घाटंजीला पुढच्या आठवड्यात मी प्रोफेसरांनाच म्हणालो, तुम्ही सांगा मग. ते आले, कर्णा घेतला, एकेक शब्द बरोबर सांगितला. लोकांनी शांतपणे ऐकलं. खेळ संपल्यावर ती म्हातारी माझ्याकडे आली. "थो काय म्हनते थे समजलं, बाप्पा," ती म्हणाली. "पन त्याच्या मनात काय हाय थे कोन सांगन?"

मी त्याच वेळी तुमच्याकडे यायला पाहिजे होतं. माझ्या लक्षात आलं होतं, मास्तर. लक्षात यायला तीन वर्षं लागली असं मी म्हणणार नाही. पण बाजाराचा एक नियम माझ्या हाडात बसलेला आहे: दोघं गप्प झाल्यावर जो पहिला तोंड उघडतो तो हरतो. मी गप्प राहिलो. तुम्हीही राहिलात, तुम्ही तर माझ्यापेक्षा पक्के निघालात. एकदा यवतमाळहून दारव्ह्याच्या मोटारीत तुम्ही माझ्यापुढं दोन बाकं सोडून बसला होता. वळून पाहिलं नाहीत. वाटेत तुम्हाला तीनदा खोकला आला. मला तेव्हाच तो खोकला बरा वाटला नव्हता. माझ्याकडे पाण्याचा तांब्या होता. मी तो धरून बसलो.

सुभद्रा म्हणायची, "जा ना त्याहिच्याकडे. भांडन तुमचं, नुसकान माह्यं. तुमच्या परफेसराचा सिनेमा पाहून झोप येते." मी म्हणायचो, त्यांनी मला खोटं विकलं. ती म्हणायची, "त्याच्यावरच माह्या संसार हाय. चांगला टिकला."

तुम्ही गेल्यावर चौथ्या दिवशी मी तुमच्या घरी गेलो. वहिनींनी पाणी दिलं, बसायला पाट दिला. मी निरोपाचं विचारलं, ते वर लिहिलंच आहे. मग विचारलं, ते भाकरीचं वाक्य कोणत्या पोराचं होतं? नाव काय, गाव काय?

"नाव त्याहिनं कधी नाही सांगतलं," वहिनी म्हणाल्या. "बायकोले लिवलेलं पत्र हाय, म्हने, आपुन नाव घेऊ नाही."

"मंग तंबूत काहून सांगे?" मी म्हणालो. जुनी सवय, खिंडीत पकडायची.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. "पत्र अर्धं राह्यलं होतं. पोरगा सांगता सांगताच गेला. तेवढं सांगून झालं होतं, भाकरीचं. याहिले वाटलं, अर्धं पत्र कसं धाडू? थे बाई बाकीचं कोनाले इचारन? म्हून नाही धाडलं. अन् मंग जल्मभर खात राह्यलं, की धाडाले पायजे होतं." त्यांनी माझ्यापुढचा रिकामा पेला उचलला. "इकडलीच होती म्हने थे बाई. कोन्या तंबूत बसली असन तं आयकन, असं वाटे याहिले."

मास्तर, तुम्ही हे मला त्या सकाळी का नाही सांगितलंत? सांगत होता. पत्राचं तुम्ही सांगायला सुरुवात केली होती, आणि मी मधेच तोंड घातलं. सहा वर्षं तुम्ही बाजार-बाजार फिरून एक पत्र पोचवत होता, आणि मी त्याच्या अलीकडे-पलीकडे तिकिटं फाडत होतो. वाटेत ते माझ्या घरी उतरलं. त्यानं माझं घर उभं राहिलं. ज्या बाईचं ते होतं तिला मिळालं का, ते ना तुम्हाला कळलं, ना आता मला कळेल.

तरी माझं एक म्हणणं कायम आहे. एखादी ओळ तुम्ही त्या गोऱ्याचीही सांगायला हवी होती. त्याचाही जीव जात होता. यावर तुम्ही काहीतरी म्हणाला असतात, मी चिडलो असतो, आणि मुकुटबन येईपर्यंत खटाऱ्यात आपण भांडलो असतो. मला तुमच्याशी भांडणाची जी सवय होती तिच्या जागी आता काही नाही. करीमभाईशी भांडून पाहिलं. तो लगेच हो म्हणतो.

काल विहाराच्या अंगणात तुमचं पुण्यानुमोदन, श्रद्धांजलीचा कार्यक्रम, झालं. मी सुभद्राला घेऊन गेलो. बायांमध्ये ती बसली. मी मागं, कुंपणापाशी उभा राहिलो. लोक बोलले. एकानं तुम्ही शिकवलेल्या माणसांची नावं वाचली, त्यात त्याचं स्वतःचं होतं आणि तिथं त्याला वाचता येईना. मग संचालन करणाऱ्यानं विचारलं, आणखी कोणाला बोलायचंय का. मी पुढं गेलो.  तिथं घाटंजीचे चार-पाच लोक होते, त्या सकाळी खिडकीपाशी होते तेच.

मी म्हणालो, "मी मास्तरले खोटारडे म्हनलो होतो. घाण उचलत होते म्हनलो होतो. बाजारात, समद्यासमोर म्हनलो. थे दोन्ही मी समद्यासमोर वापस घेतो. थे खरं बोलत होते. मी चुकलो."

 मागून एक आवाज आला, "तीन वर्षं लागली का, शेटजी, एवढं बोलाले?"

"लागली," मी म्हणालो.

यापुढं काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. परत कुंपणापाशी जावं की निघावं, काही कळेना. वहिनी पुढच्या सतरंजीवर भावाशेजारी बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. भावाच्या दंडाला हात लावून म्हणाल्या, "दादा, जरा सरका. त्याहिले बसू द्या."

दादा सरकले. मी बसलो.